जाड नळी, दहाची नोट आणि सत्तरीचा पाऊस : व्हार्मिंट रायफलचे एकोणीस महिने

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ही रायफल मी विकायला काढली होती. साखळी गावचं एक गिऱ्हाईक भाव ठरवायला येणार होतं, पण चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं, सामान आणायची धांदल सुरू झाली आणि त्याचं येणं राहून गेलं. आला असता तर मी तीस हजार खाली उतरायला तयार होतो, इतका वैतागलो होतो. आज कोणी वर तीस हजार ठेवले तरी देणार नाही. मधे काय झालं ते लिहितो. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर निदान दीडशे गोळ्यांचे पैसे वाचले असते, आणि इथे एका गोळीच्या पैशात भाजी-पाव येतो.

पॉइंट टू-टू (छोट्या, हलक्या गोळीची), बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला बोल्ट हाताने मागेपुढे ओढायचा), पाच गोळ्यांचं मॅगझिन, जाड नळी. बाकीचे आकडे ज्याला हवेत त्याला पाठ असतात. डिसेंबर २०२३ मध्ये सेकंडहँड घेऊन रीतसर परवान्यावर चढवली. कंपनी युरोपातली, नावाजलेली. नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण लाकडाशी आहे.

‘व्हार्मिंट’ म्हणजे शेताला उपद्रव देणारा प्राणी. अमेरिकेत अशा रायफली घेऊन लोक कुरणाच्या कडेला पालथे पडतात आणि बिळातून डोकं काढणाऱ्या, खारीच्या कुळातल्या प्राण्यांवर लांबून नेम धरतात. म्हणून नळी जाड, लवकर न तापणारी, आणि पुढचं लाकूड रुंद, खालून सपाट, वाळूच्या पिशवीवर टेकायला सोयीचं. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात हे नाव सांगितलं की शेजारी लगेच विचारतात, ‘मग गव्यांचं बघ ना काहीतरी!’ काय बघू? गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. रानडुकरालाही संरक्षण आहे. पूर्वी त्या कायद्यात कावळे-उंदरांची वेगळी पाचवी अनुसूची होती, तीही २०२२ च्या दुरुस्तीत गेली. तेव्हा माझ्या रायफलने आजवर फक्त कागद मारलाय, तोही नेमबाजीच्या रेंजवर. ‘कुळागरातली केळी गवे खातात आणि आमचो झील कागदाक भोकां पाडता,’ हे वाक्य बाबा आल्यागेल्याला ऐकवतात. (कुळागर म्हणजे पोफळीची बाग, झील म्हणजे मुलगा.)

आता स्टॉक, म्हणजे लाकडी दस्ता. पहिले दोन महिने मी याच्या प्रेमात होतो. गालाखालचा उंचवटा स्कोपच्या, म्हणजे वर बसवलेल्या दुर्बिणीच्या, हिशोबाने उंच ठेवलाय, त्यामुळे गाल टेकवला की डोळा आपसूक भिंगाच्या मध्यावर येतो. ज्यांनी ब्रनो मॉडेल टू या जुन्या रायफलवर स्कोप चढवून बघितलाय त्यांना हे सुख कळेल. तिचा दस्ता उघड्या साइटसाठी (दुर्बिणीविना नेम धरायच्या खुणांसाठी) केलेला, स्कोप लावला की गालाऐवजी हनुवटी टेकवून बघायचं. लांबी मात्र युरोपातल्या हातांची. मी पाच फूट पाच इंच, उभ्याने धरली की डावा हात पार ताणला जातो, आणि स्कोपसकट वजन साडेतीन किलोच्या वर. बेंचवर राणी, खांद्यावर ओझं. मागे रबरी पॅड दिलाय. पॉइंट टू-टूला धक्का तो काय असणार, तरी दिलाय. तो एप्रिल-मेच्या उकाड्यात चिकट होतो आणि खांद्यावर काळे डाग पाडतो. माझे दोन शर्ट गेले. बायकोच्या लेखी या रायफलची परीक्षा तिथेच संपली.

जानेवारी-फेब्रुवारीत ५० मीटरवर पाच गोळ्यांचा गट, म्हणजे भोकांचा पसारा, भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजला तर, १४ ते १६ मिलिमीटर. म्हणजे साधारण एक एमओए (मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग). ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, त्या मानाने माझ्यासारख्या रविवारच्या नेमबाजाला आणखी काय हवं?

मग लोकसभेची निवडणूक लागली. १६ मार्च २०२४ ला आचारसंहिता जाहीर झाली आणि मागोमाग हत्यारं जमा करायला सांगितलं. हत्यार अधिकृत डीलरकडेही ठेवता येतं, पण तो महिन्याचं भाडं घेतो. पोलीस ठाण्यात फुकट. मी फुकटचं निवडलं. वर शहाणपणा असा, की आतून स्पंज लावलेल्या रेक्झिनच्या कव्हरमध्ये घालून, चेन गळ्यापर्यंत ओढून दिली, जणू तिला थंडी वाजणार होती. ७ मेला गोव्यात मतदान झालं, ४ जूनला निकाल लागला, आणि रायफल हातात आली ती जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, बाहेर धो धो पाऊस आणि खोलीच्या भिंतींना ओल. स्पंज पाणी धरून ठेवतो हे भांडी घासणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं, मला ठाऊक नव्हतं. बोल्टच्या मुठीवर आणि नळीच्या तोंडाशी, जिथे स्पंज टेकला होता नेमका तिथे, तांबूस गंज. तो तेलाने आणि बारीक स्टील वूलने निघाला. मी सुटकेचा श्वास सोडला.

जुलैच्या पहिल्या रविवारी रेंजवर गेलो. तीच गोळी, तोच स्कोप, आणि गट ४० मिलिमीटर! शिवाय अख्खा गट डावीकडे वर सरकलेला. मी स्कोपचे स्क्रू आवळले, गोळी बदलली, चहा पिऊन आलो, श्वास धरला, सोडला. काही फरक नाही. डीलरकडे नेली तर त्याने मोबाइलच्या टॉर्चने नळीत डोकावून निदान केलं, ‘आतून गंज खाल्लाय, लॅपिंग करावं लागेल, अकरा हजार.’ लॅपिंग म्हणजे नळी आतून घासून गुळगुळीत करणं. मी म्हटलं, गंज दाखवा. तो म्हणाला, तुम्हाला नाही दिसणार. यावर आमची जी बोलाचाली झाली ती लिहिण्यासारखी नाही. अकरा हजार मी दिले नाहीत, पण शंका मात्र घरी घेऊन आलो, आणि ती अकरा हजारांपेक्षा महाग पडली.

कारण मग मी साफसफाईला लागलो. एकसंध रॉड आणला, ब्रश आणले, मागून रॉड सरळ आत जावा म्हणून बोअर गाइड आणला. जुलै-ऑगस्टमध्ये दर खेपेनंतर नळी आरशासारखी होईस्तोवर घासली. बाबांचे तीन जुने बनियन चिंध्यांत गेले. आणि प्रत्येक खेपेला गट आणखीनच विस्कटलेला. हे का, ते मला उशिरा कळलं. पॉइंट टू-टूची गोळी मऊ शिशाची, तिच्यावर मेणाचा हात असतो. ते मेण नळीत बसलं की पुढच्या गोळ्या एकसारख्या जातात. लखलखीत नळीतून पहिल्या दहा-पंधरा गोळ्या भटकतात, आणि माझी तर अख्खी खेपच वीस गोळ्यांची. म्हणजे दर वेळी मी नळी वळणावर आणायचो आणि घरी येऊन ब्रशने ते वळण पुसून टाकायचो. या हलक्या, मऊ गोळीने नळी झिजायला हजारोंनी फैरी लागतात. बिचारीला माझ्या ब्रशचाच जास्त ताप झाला असेल.

बाबांच्या काडतुसी बंदुकीला आयुष्यभर खोबरेल लागत आलंय. मागे डिसेंबरमध्ये मी घरी नसताना त्यांनी ‘बघ कसो मऊ चलता’ म्हणून माझ्या बोल्टलाही चोळलं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि सत्तरीतल्या डिसेंबरच्या सकाळी त्याहून गार असतात. रेंजवर बोल्ट ओढला तर तुपातून ओढल्यासारखा. दोन गोळ्यांवर बोल्टमधल्या पिनेची ठेच इतकी हलकी पडली की त्या वाजल्याच नाहीत. बाबांना मी काही बोललो नाही. बोल्ट वेगळ्या कुलपात ठेवला, एवढंच.

तर, चवथ. गणपती बसले, पाहुणे आले, पाऊस चालूच. दुपारी सगळे पंगत आटोपून लवंडले होते आणि मी न्हाणीघराचं दार लावायला धडपडत होतो. आमचं ते दार जूनमध्ये फुगतं आणि दिवाळीपर्यंत खांद्याने ढकलल्याशिवाय लागत नाही. खांदा लावला आणि तसाच थांबलो. मग ओल्या हातांनीच जाऊन रायफल काढली.

या रायफलची नळी पुढच्या लाकडाला कुठेही न टेकता अधांतरी असायला हवी. झाडताना नळी थरथरते, आणि ती दर वेळी सारखीच थरथरली तरच गोळ्या एका जागी पडतात. तपासायची रीत सगळ्यांना माहीत आहे, मलाही होती. नळी आणि लाकूड यांच्यामधून कागद सरकवायचा. जानेवारीत मी दहाची नोट टोकापासून अ‍ॅक्शनपर्यंत (बोल्ट बसतो त्या भागापर्यंत) सरसर नेली होती. आता ती वीतभर आत गेली आणि अडकली. उजवीकडे, खालच्या अंगाला, लाकूड नळीला चिकटलेलं. म्हणूनच गट डावीकडे वर! दोन महिने स्कोप, गोळी, गंज, डीलर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला, फक्त खिशातली दहाची नोट काढली नाही.

साखळीवाल्याला फोन करून विक्री रद्द केली.

ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस उघडल्यावर लोखंड घरी कुलपात ठेवून नुसता लाकडी दस्ता आमच्या मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, नेला. त्याने आधी तो वास घेतल्यासारखा नाकाजवळ धरला, मग नळीच्या खोबणीत नख ओढलं. बाहेरून काळसर तपकिरी, चकचकीत; आतून मात्र कोरडं, फिकट गुलाबी लाकूड. ‘बाब, हें अक्रोडाचें न्हय,’ तो म्हणाला, ‘रंग लायला.’ बीच निघालं. हे लाकूड घट्ट असतं, पण ओल घेऊन फुगण्या-आकसण्यात अक्रोडाच्या पुढे. आणि सगळ्यांत संतापजनक म्हणजे बाहेर वार्निशचा जाड थर, आत खोबणीत थेंबही नाही. आमच्या न्हाणीघराच्या दाराला सुताराने समोरून रंग दिला आणि वरची-खालची कड तशीच सोडली, तोच प्रकार. युरोपात हे चालून जात असेल. आमच्याकडे वर्षाला शंभर इंचांवर पाऊस पडतो. जिथे दिसत नाही तिथेच पाणी शिरतं.

मेस्ताने घाई केली नाही. दस्ता आठवडाभर कपाटात झिरोच्या बल्बखाली वाळवायला लावला, बुरशी येऊ नये म्हणून आपण चामड्याच्या चपला ठेवतो तसा. मग जाड सळीला पॉलिश पेपर गुंडाळून खोबणी उजवीकडून अंदाजे एक मिलिमीटर उघडली. मला फ्रेंच पॉलिश हवं होतं, दिसायला छान म्हणून. तो म्हणाला, तें उदकाक तिगचें ना (पाण्यात टिकणार नाही), आणि पॉलीयुरेथेनचे तीन पातळ हात दिले, दोन हातांमध्ये एकेक दिवस सोडून. स्क्रूंची भोकं आणि पॅडखालची कडही सोडली नाही. मजुरी सातशे रुपये. मी हजार दिले, तर त्याने तीनशे परत केले.

जोडताना दोन्ही स्क्रू बेताने आवळले आणि स्क्रूच्या डोक्यावरून लाकडावर बायकोच्या नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. लाकूड दबलं-फुगलं, स्क्रू हलला, तर रेघ तुटलेली दिसते.

नोव्हेंबरमध्ये गट १३ ते १५. पण हिवाळ्यात चांगली चालली म्हणून खूश व्हायचा मूर्खपणा मी आधी एकदा केलाय, म्हणून हे लिहायला या वर्षीच्या जुलैपर्यंत थांबलो. गेल्या रविवारी, तीन दिवसांच्या सलग पावसानंतर, १६ मिलिमीटर, आणि गट जागेवरून बोटाच्या पेरभरही हललेला नाही. नोट टोकापर्यंत जाते, उजवीकडे जरा घासते, पण जाते.

सफाईबद्दल माझं मत पार उलटलंय. आता रेंजवरून आलं की बोल्ट पुसायचा, चेंबरमध्ये, गोळी बसते त्या जागी, मेण-काजळीचं जे कडं धरतं तेवढं काढायचं, एक कोरडी चिंधी मागून पुढे ओढायची, बस. पूर्ण घासणं गट फुटायला लागल्यावरच. बाहेरून मात्र हात लागला की तेलाचा फडका, कारण घामातलं मीठ रात्रभरात डाग धरतं. स्पंजचं कव्हर बाबांनी कुळागरातल्या पंपावर घातलंय.

पॅड अजून तोच आहे. बदलायला दोन हजार सांगतात, म्हणून त्यावर बाबांचा चौथा बनियन बांधलाय.

आता काळजी एकच. २०२७ मध्ये विधानसभा आहे, तेव्हा पुन्हा जमा करावी लागेल. डीलरकडे ठेवीन म्हणतो, त्या लॅपिंगवाल्याकडे नाही, दुसऱ्या कोणाकडे तरी. फोंडा-म्हापशाच्या बाजूला कोरडी खोली असलेला, भाडं बेताचं घेणारा कोणी माहीत असेल तर सांगा. आमच्या मेस्ताने झिरोचा बल्ब फुकट देऊ केलाय.