ऑलिंपस टीजी-६ की सोनी आरएक्स१०० मार्क ३? साताऱ्याच्या पावसात दोन्ही वापरल्यावर

खरं तर हे दिवाळीच्या सुट्टीत निवांत लिहिणार होते. पण गेल्या आठवड्यात टीजी-६ च्या पोटात बॅटरी फुगून बसली, ती काढून देणाऱ्याशी माझं चांगलंच वाजलं, आणि आता हे सगळं एकदा लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही. फुगलेली बॅटरी ओरिजिनल नव्हती हे आधीच सांगते, म्हणजे कुणी उगाच कंपनीच्या नावाने बोटं मोडायला नकोत. बॅटरीवर येतेच. आधी कॅमेरे.

टीजी-६, म्हणजे ऑलिंपसचा छोटा वॉटरप्रूफ कॅमेरा, घेतला तेव्हा त्याच्या पुढचा टीजी-७ बाजारात आलेला होता. सेन्सर (फोटो टिपणारी आतली चिप) तोच, लेन्स तीच. यूएसबी-सी आणि उभा व्हिडिओ एवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची माझी तयारी नव्हती. दुकानदाराकडे टीजी-६ चा एक नग पडून होता, तो घासाघीस करून घेतला. पुण्याच्या दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अगं, मोबाइलएवढा सेन्सर आहे त्याला! एवढ्या पैशात माझा आरएक्स१०० घेतला असतास की." त्याला स्वतःला मिररलेस (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घ्यायचा होता, त्यामुळे त्याचा मार्क ३ गिऱ्हाइकाच्या शोधात होता. गणपतीत येताना तो घेऊनच आला. "दिवाळीपर्यंत वापर, मग सांग." घरचा भाव म्हणून त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून वहिनीसुद्धा हसली. वर एक अटही घातली, पाण्याचा थेंब आत गेला तर कॅमेरा तुझा झाला.

म्हणजे प्रश्न सरळ होता. टीजी विकून आरएक्स ठेवायचा, की आरएक्स परत करायचा. दोन्ही ठेवणं माझ्या पगारातही बसत नाही आणि स्वभावातही.

पहिल्याच संध्याकाळी दादा जिंकला. घरातली आरती, समईचा उजेड, वर एक पिवळा दिवा, हलणारी माणसं. आरएक्सच्या सेन्सरचं क्षेत्रफळ टीजीच्या जवळजवळ चौपट आहे आणि हे चौपट काय असतं ते अशा उजेडात समजतं. टीजीने काढलेल्या फोटोत आईच्या साडीचे काठ पुसट झाले होते आणि भिंतीवर रवा सांडल्यासारखे ठिपके. आरएक्समध्ये काठाची नक्षी मोजता येत होती. झूम केल्यावर तर विचारूच नका. एफचा आकडा लहान तेवढा लेन्समधून उजेड जास्त. टीजीची लेन्स रुंद टोकाला (झूम न करता) एफ/२ असली तरी पूर्ण झूमला, म्हणजे १०० मिमीला, पोचेपर्यंत एफ/४.९ होते. आरएक्सचा झूम ७० लाच संपतो, पण तिथेही एफ/२.८ मिळतो. त्या रात्री मी मनातल्या मनात टीजीची जाहिरातसुद्धा लिहून ठेवली: उत्तम स्थिती, बॉक्ससहित.

मग गणपती गेले आणि आम्ही सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेलो.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. सप्टेंबरातल्या रविवारी कासला माणसं फुलांपेक्षा जास्त दिसतात, म्हणून मी मुलांना घेऊन चाळकेवाडीच्या बाजूला जाते. पवनचक्क्यांच्या खाली कातळावर जिथे पाणी साचतं तिथे सीतेची आसवं, गेंद ही रानफुलं आणि नीट शोधलं तर दवबिंदू सापडतो. पुस्तकातला कीटकभक्षी ड्रॉसेरा तो हाच. अख्खं झाड तळहातावर मावेल एवढं, पानांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. वर वारा असा की पाऊस वरून न येता बाजूने येतो. आरएक्स काढला, त्याचं नळकांडं बाहेर आलं आणि मला दादाची अट आठवली. प्लास्टिकच्या पिशवीला भोक पाडून लेन्स बाहेर काढली, एका मुलाला छत्री धरायला लावली. एवढं करून आरएक्स रुंद टोकाला ५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो, पण झूम केला की ३० सेंटिमीटर लांब राहावं लागतं. म्हणजे सोनकीचं फूल आणि मागे धुक्यातला डोंगर असा फोटो झकास येतो. दवबिंदूचा मात्र लाल ठिपका येतो, मग घरी बसून तो कापत बसायचा.

टीजी पावसात तसाच बाहेर काढला. झूम आतल्या आत होतो, बाहेर काही येत नाही. डायल मायक्रोस्कोपवर फिरवली, एक सेंटिमीटरपर्यंत नेला आणि फोकस स्टॅकिंग लावलं. कॅमेरा थोड्याथोड्या अंतरावर फोकस करत भराभर फोटो काढतो आणि आतच जोडून एक फोटो देतो. वाऱ्याने रोप हललं की सगळं मुसळ केरात, म्हणून मुलांची पाठीला पाठ लावून भिंत केली. बऱ्याच वाया गेलेल्या फोटोंनंतर एक असा आला की मुलं छोट्या पडद्याभोवती गोळा होऊन ओरडायला लागली. चिकट थेंबात अडकलेलं चिलट, त्याचा एक पाय अजून मोकळा, आणि शेजारच्या थेंबात उलटं दिसणारं आभाळ. सेन्सर मोबाइलएवढा आहे हे बरोबरच आहे. पण दादाच्या एक इंची सेन्सरवर हा फोटो येत नाही, आणि मला नेमका हाच हवा होता.

आता खटकणारी गोष्ट. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कंटाळा आला तर पुढे जा.

एक सेंटिमीटरवर कॅमेरा नेला की कॅमेऱ्याचीच सावली फुलावर पडते. ढगाळ हवेत तर फूल काळंच होतं. कंपनीकडे यावर एलजी-१ नावाचं कडं मिळतं. लेन्सभोवती बसतं आणि कॅमेऱ्याच्या पुढच्या एलईडीचा उजेड गोल फिरवून फुलावर टाकतं. त्यात स्वतःचा दिवा नाही, बॅटरी नाही, नुसतं प्लास्टिक. कल्पना हुशार आहे, मान्य. पण मुळात कॅमेरा सूक्ष्म फोटोंसाठी म्हणून विकायचा आणि त्यासाठी लागणारं कडं वेगळं विकायचं, हे काही मला पटत नाही. फ्लॅशचा उजेड मऊ करणारं एफडी-१ हेसुद्धा वेगळंच.

मी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण वापरते. पाव किलोच्या डब्याचं, पांढरं, अर्धपारदर्शक. मधोमध लेन्सच्या मापाचं भोक, कडा पॉलिश पेपरने घासून घेतल्या, लेन्सभोवती घट्ट बसतं. फ्लॅश झाकणाच्या मागे येतो आणि उजेड पसरून पडतो. अर्ध्या किलोचं झाकण मोठं होतं, फुलाला जाऊन टेकतं. आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण फार जाड, उजेड खाऊन टाकतं. दह्याच्या डब्याचं पातळ असतं, वाऱ्याने फडफडतं. झाकणावर छापील रंग असेल तर फोटोवर त्याची झाक येते, तेव्हा कोरं झाकणच घ्या. सीतेच्या आसवांचा खरा निळा-जांभळा रंग मला या झाकणातूनच मिळाला. एवढ्या महिन्यांत या कॅमेऱ्यावर केलेला सर्वांत उपयोगी खर्च हा, आणि त्यात श्रीखंड खाल्लं ते वेगळंच.

इथपर्यंत टीजीची बाजू जड होती. पुढच्या रविवारी माझं मत पुन्हा फिरलं, त्याला कारण गुडघे. टीजीचा पडदा पाठीला घट्ट बसवलेला, हलत नाही. दवबिंदू जमिनीपासून चार बोटं वर. म्हणजे पडद्यात बघायचं तर गाल कातळाला लावून आडवं व्हायचं. कॅमेरा वॉटरप्रूफ आहे, मी नाही. मोबाइलवर वायफायने चित्र बघता येतं, पण मग भर पावसात मोबाइल उघडा ठेवायचा, मग वॉटरप्रूफ कॅमेऱ्याचा उपयोग काय? आरएक्सचा पडदा वर उचलला की उकिडवं बसून, वरून खाली बघत फोटो काढता येतो. पन्नाशीकडे झुकलेल्या कुणालाही मी हा मुद्दा सेन्सरच्याही आधी विचारात घ्यायला सांगेन. ऊन पडलं की खटक्यासरशी वर येणारा व्ह्यूफाइंडर आहेच.

ठोसेघरला तर टीजीने निराशाच केली. धबधब्याचं पाणी दुधासारखं यायला शटर हळू हवं. टीजीत पी (सगळं कॅमेरा ठरवतो) आहे, ए (लेन्सचं भोक आपण ठरवायचं) आहे. शटर आपल्या हातात देणारे एस आणि एम नाहीत. ए वर टाकून एफ/८ केलं की सुटलो, असं वाटतं. पण रुंद टोकाला एफ/२, एफ/२.८ आणि एफ/८ एवढ्याच पायऱ्या, आणि तो एफ/८ म्हणजे भोक लहान न होता आत सरकणारी काळी काच. उजेड कमी होतो, त्यामुळे थोडंफार जमतं, पण शटर किती ठेवायचं ते कॅमेरा ठरवणार. आरएक्समध्येही काळी काच आहे, तीन स्टॉपची (उजेड आठव्या हिश्श्यावर आणणारी), पण ती आपण हवी तेव्हा लावायची आणि शटरही आपण ठरवायचं. कठड्यावर कॅमेरा टेकवून अर्ध्या सेकंदाचा फोटो काढला, पहिल्याच फटक्यात जमला. तुषार येत होते म्हणून लगेच पिशवीत टाकला.

आता बॅटरी. टीजीच्या डोक्यावर लॉग नावाचा खटका आहे. तो सरकवला की जीपीएस तुमचा रस्ता नोंदवत राहतो, कॅमेरा बंद असला तरी. पिशवीतून काढताघालताना हा खटका सरकतो आणि संध्याकाळी बॅटरी मेलेली सापडते. हे वारंवार व्हायला लागल्यावर मी जास्तीच्या बॅटऱ्या घ्यायचं ठरवलं. एका ओरिजिनलच्या पैशात तीन डुप्लिकेट मिळत होत्या, वर एक चार्जरही. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं, आणि त्यांतल्या दोन अजून ठणठणीत आहेत.

तिसरी फुगली. खालचं दार उघडलं, आतली खीळ सरकवली, पण बॅटरी जागची हलेना. अशा वेळी स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला जाऊ नका. लिथियमची बॅटरी आहे, भोक पडलं तर पेट घेते. साताऱ्यात कुणी हात लावायला तयार नव्हतं. पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याने खालचे स्क्रू काढून, बाजू सैल करून ती काढली. काम चांगलं केलं, वाद नाही. पैसे घेतले, आणि मग पावतीवर पेनाने लिहिलं: पाणी गेल्यास जबाबदारी नाही.

मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत?

"मॅडम, वॉटरप्रूफ कंपनी म्हणते, आम्ही नाही."

मग तुम्ही उघडलेला कॅमेरा आता वॉटरप्रूफ आहे की नाही? "पाण्यात नका नेऊ ना." वॉटरप्रूफ कॅमेरा पाण्यात नेऊ नका! पंधरा मीटर खोलीचा कॅमेरा घेतलेल्या बाईला हा सल्ला. बराच वेळ आमचं हेच चाललं. मागचं गिऱ्हाईकसुद्धा माझ्या बाजूने बोलायला लागलं, तेव्हा त्याने थोडे पैसे परत केले. पावतीवरची ओळ मात्र खोडली नाही.

घरी आल्यावर मी माझी परीक्षा घेतली. शाळेत बाष्पोत्सर्जनाच्या प्रयोगाला कोबाल्ट क्लोराइडचा कागद वापरतो. कोरडा असला की निळा, ओल लागली की गुलाबी. कोरड्या दुपारी बॅटरी आणि कार्ड काढून टाकलं, दोन्ही दारांच्या आत टिश्यूत गुंडाळलेली निळी पट्टी ठेवली, रबराच्या कडेवर केस-कण नाही हे भिंगातून पाहिलं आणि दारं लावली. कॅमेरा बादलीच्या तळाशी, हलू नये म्हणून वर पाण्याने भरलेला तांब्या. संध्याकाळी बाहेर काढून कोरडा पुसला, दार उघडलं. दोन्ही पट्ट्या निळ्या. बादली म्हणजे पंधरा मीटर नव्हे, हे मलाही कळतं. पोहायला नेणार नाही. पावसाला पुरतो.

दादाला काल फोन केला. आरएक्स परत देते आहे. घरातले फोटो त्याने मिररलेसवर काढावेत आणि मला पाठवावेत. त्याने भाव एकदम खाली आणला, इतका की क्षणभर माझाही जीव खाली-वर झाला. पण पावसाळ्याचे तीन-चार महिने मी ज्याला प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढू शकत नाही त्यासाठी तेवढेही पैसे जास्तच. तुमच्याकडे फोटो म्हणजे बारसं, मुंज, संध्याकाळचं अंगण असेल तर उलट करा, डोळे झाकून आरएक्स घ्या, जुना मिळाला तरी चालेल.

त्या पैशातून दारांची रबरं बदलून घेणार आहे. ती वर्षातून एकदा बदला असं कंपनीच सांगते, आणि आता तर कॅमेरा उघडून झालेला आहे. ओरिजिनल बॅटरी एकच मागवली. लॉगचा खटका सेलोटेप लावून बंद करून टाकला आहे.