समुद्राची पातळी की नदीचा गाळ?

नदीमुखाचे रूप समुद्राची पातळी ठरवते की नदीचा गाळ, हे पाहायला महाबळेश्वरात उगम पावणाऱ्या कृष्णा आणि सावित्री या दोनच नद्या पुरेशा आहेत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता. बर्फ वितळून तो चढत गेला आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वी त्याचा वेग मंदावला, तेव्हा कुठे जगभरातले आजचे त्रिभुज प्रदेश आकाराला येऊ लागले. ही संधी दोघींनाही सारखीच मिळाली.

सावित्री मात्र आखूड. चढत्या समुद्राने बुडवलेली दरी भरून काढण्याइतका गाळ तिच्याकडे नव्हता, म्हणून बाणकोटला खाडीच राहिली. कृष्णेने सुमारे १,४०० किलोमीटरांच्या वाटेवरचा गाळ नेऊन बंगालच्या उपसागराला मागे रेटले. त्यात पुण्याचाही वाटा आहे: खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल बुडतो, आणि पूर ओसरल्यावर नदीपात्रातल्या रस्त्यावर जो चिकट, तपकिरी थर उरतो, तसाच गाळ मुठेतून भीमेकडे आणि तिथून कृष्णेकडे जातो. जायचा, म्हणणे अधिक खरे. आता वाटेत उजनी धरण आहे, कृष्णेवर पुढे श्रीशैलम आणि नागार्जुनसागर ही धरणे आहेत, आणि गाळ त्यांच्यात अडतो.

त्रिभुज प्रदेशाची जमीन स्वतःच्याच भाराने दबत असते आणि ती तूट नव्या गाळानेच भरून निघते. त्यामुळे, समुद्र पुन्हा चढत असला तरी, कृष्णेच्या बाबतीत मी गाळालाच अधिक वजन देईन.