बोअरिंगला दिला माझा ब्लॉक, परत आला दुसऱ्याचा

जुन्या गाडीचं इंजिन बोअरिंगला द्यायचं मनात असेल तर आधी हे वाचा, थोडं मोठं झालंय पण पूर्ण वाचा. बोअरिंग म्हणजे इंजिनच्या ब्लॉकमधलं, ज्यात पिस्टन वरखाली होतो ते घासलेलं भोक मशीनवर थोडं मोठं करून मोठ्या साइजचा पिस्टन टाकणं. आपल्याकडं जुनी स्प्लेंडर, सीडी हंड्रेड, बॉक्सर घरीच नीट करून चालवणारे पोरं लै आहेत अन् ते चांगलंच आहे, नवी गाडी लाखाच्या घरात गेली, सगळ्यांना कुठून परवडणार. पण बाकी सगळं अंगणात बसून करता येतं, बोअरिंग तेवढं करता येत नाही, तिथं इंजिन दुसऱ्याच्या हातात द्यावंच लागतं अन् नेमकं तिथंच फसवायलेत.

गाडी आमच्या अण्णांची, 2002 ची हिरो होंडा स्प्लेंडर, एमएच 21 पासिंग. अण्णा मोंढ्यात आडतीवर मुनीम होते, जालना बदनापूर अंबड सगळं याच गाडीवर केलं. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी रिन्यू केली, पाच वर्षांनी परत केली, कागद एकदम क्लियर. मला ती थोडी कॅफे रेसरसारखी, म्हणजे सपाट सीट अन् खाली हॅन्डलवाली करायची होती, सगळं मिळून दहा हजाराच्या आत. टाकी मीच घासली, पुट्टी, प्रायमर, मग 800 नंबरचा पाणी पेपर अन् काळा स्प्रे. वरून टूके क्लियर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) मारा बरं का, नुसत्या स्प्रेवर पेट्रोल सांडलं की रंग उठतोच. सीट कव्हरवाल्याकडून सपाट करून घेतली, हॅन्डल भंगारातून आणलं. चेसी कापली नाही अन् कलरही आरसी बुकावर काळाच आहे म्हणून काळाच ठेवला, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मधे परवानगीशिवाय गाडीत मोठा बदल करता येत नाही अन् 2019 च्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला पाच हजार दंड लागू शकतो, वर सहा महिन्यांपर्यंत कैदेची पण तरतूद आहे. हे यूट्यूबवर गाडी कापून दाखवणारे सांगत नाहीत.

राहिला धूर. रेस दिली की मागून निळा धूर, म्हणजे ऑइल जळायलंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या. हेड (ब्लॉकवरचं झाकण) अन् ब्लॉक मी घरीच काढला, स्प्लेंडरला त्यासाठी इंजिन उतरवायचं पण काम नाही. पिस्टन पुसून बघितला तर डोक्यावर कुठलाच साइजचा आकडा नाही, म्हणजे कंपनीचाच स्टॅंडर्ड, वीस वर्षांत एकदाही बोअरिंग झालेलं नाही.

हे नीट समजून घ्या, सगळी फसवणूक यावरच आहे. स्प्लेंडरचा बोअर, म्हणजे ब्लॉकमधल्या भोकाचा व्यास, कंपनीतून 50 एमएमचा येतो. घासला की पाव एमएम वाढवून 0.25 चा पिस्टन टाकतात, पुढच्या वेळी 0.50, मग 0.75, शेवटी 1.00 म्हणजे 51 एमएम. त्याच्या पुढं पिस्टनच मिळत नाही, स्लीव्ह (ब्लॉकच्या आत नवी नळी) टाका नाहीतर नवा ब्लॉक घ्या. म्हणजे स्टॅंडर्ड ब्लॉकमधे अजून चार बोअरिंगचं आयुष्य शिल्लक असतं. ज्याला हे कळतं त्याच्यासाठी तो ब्लॉक म्हणजे पैसा आहे.

संभाजीनगरच्या एका दुकानाची रील बघितली, साडेतीन हजारात बोअरिंग, पिस्टन किट, फिटिंग अन् सहा महिने गॅरंटी. फोन केला तर म्हणला, भैया नुसता ब्लॉक आणू नका, पूर्ण इंजिन आणा, फिटिंग आम्हीच करणार नाहीतर गॅरंटी नाही. मग इंजिन उतरवलं अन् मामेभावाच्या छोट्या हत्तीत टाकून नेलं. तिथं उस्तादनं मोजमाप केलं अन् स्वतःच्या तोंडानं म्हणला, स्टॅंडर्ड आहे, पंचवीसमधे (म्हणजे 0.25 च्या पिस्टनमधे) होऊन जाईल. वरून हेही म्हणला की अजून दीड हजार टाका, दुसरं चालू इंजिनच देतो. मी सरळ नाही म्हणलो, इंजिन नंबर ब्लॉकच्या खालच्या भागावर, म्हणजे केसवर ठोकलेला असतो अन् तोच आरसीवर असतो, उद्या ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलिस आपल्या दारात. असं कुणी म्हणलं तर अजिबात घेऊ नका.

दोन दिवसांनी बोलावलं. इंजिन एकदम चकाचक, सगळ्याला सिल्व्हर कलर मारलेला, म्हणला हे आपल्याकडून फ्री. केसवरचा नंबर बघितला, बरोबर होता. पैसे फोनपेनं दिले, बिल म्हणून कच्ची चिठ्ठी मिळाली, त्यावर "स्प्लेंडर बोर किट 25" असं लिहिलेलं.

गाडीत बसवलं, नवीन ऑइल टाकलं, रनिंग इन म्हणून (नवा पिस्टन नीट बसेपर्यंत हळू चालवायची असते) चाळीसच्या वर नेलीच नाही. महिना पण झाला नसेल तर परत निळा धूर, पहिल्यापेक्षा जास्त, प्लग काढला तर ऑइलनं ओला. दुकानात फोन केला तर एकच पालुपद, ऑइल हलकं टाकलं असेल, तुम्ही रेस जास्त दिली असेल.

मग घरीच खोललं. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन रॉकेलनं पुसला तर खाली आकडा 100. पंचवीस नाही, शंभर, म्हणजे शेवटचा साइज. अन् पिस्टन नवा पण नाही, स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या बाजूवर) उभे ओरखडे, बफ मारून चमकवलेला. ब्लॉकमधे बोट फिरवलं तर काचेसारखा गुळगुळीत. ताजं बोअरिंग अन् होनिंग (दगडानं आतून बारीक घासणं) केलेल्या ब्लॉकमधे आतून जाळीसारख्या तिरप्या रेषा दिसतात, ऑइल त्यातच धरून राहतं, इथं नुसता पॉलिश पेपर फिरवलेला.

तेवढ्यात अण्णा बाहेर आले अन् ब्लॉक हातात घेऊन म्हणले, अरे याची फिन तुटकी होती ना. फिन म्हणजे ब्लॉकच्या बाहेरच्या, इंजिन हवेनं गार व्हायच्या पट्ट्या. खरंच, अण्णा एकदा घाटात पडले होते तेव्हा एका फिनचा कोपरा उडालेला. या ब्लॉकच्या सगळ्या फिना साबूत. मी खोलताना काढलेले फोटो मोबाईलमधे होतेच, त्यात तुटकी फिन स्पष्ट दिसती. तो फुकटचा सिल्व्हर कलर कशासाठी होता ते तेव्हा कळलं, ब्लॉक बदललेला ओळखू येऊ नये म्हणून. केस बदलली नाही कारण तिच्यावर नंबर असतो. ब्लॉकचा नंबर आरसीवर नसतो, त्यामुळं बदलला तरी कागदावर काहीच सापडत नाही. गोरगरिबाच्या गाडीचा चांगला ब्लॉक काढून घ्यायचा अन् मेलेला गळ्यात मारायचा, याला चोरीच म्हणतात.

फोटो घेऊन दुकानात गेलो. उस्ताद आधी म्हणला हा फोटो दुसऱ्याच गाडीचा आहे, मग आवाज चढवला, मग हळूच पाचशे रुपये काढले. पैसे घेतले नाहीत, माझा ब्लॉक मागितला. तर म्हणला, तो ब्लॉक आता गेला.

जालन्यात जुन्या एमआयडीसीत एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी बोअर गेज लावून ब्लॉक मोजून दिला, 51 च्या पण वर घासलेला अन् ओव्हल. मोजायचे पैसे पण घेतले नाहीत त्यांनी. नवीन ब्लॉक किट त्यांच्याच समोर बसवलं, बजेट गेलं ते गेलं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. ब्लॉक द्यायच्या आधी फिनच्या आतल्या बाजूला सेंटर पंचनं दोन ठिपके मारा अन् दुकानदारासमोरच त्याचा फोटो काढा, एवढ्यानंच निम्मे लोक बदलाबदली करायचे नाहीत. जुना पिस्टन परत मागा. नवा पिस्टन पॅक बॉक्समधून तुमच्यासमोर निघाला पाहिजे अन् ब्लॉकमधे जायच्या आधी डोक्यावरचा आकडा बघा. शक्य असेल तर पूर्ण इंजिन देऊच नका, ब्लॉक अन् पिस्टन वेगळे मागून घ्या. कलर मारलेला ब्लॉक घ्यायचा नाही. पक्कं बिल नाही म्हणला तर तिथूनच परत फिरा.

माझ्याकडं पक्कं बिल नाही पण फोनपेची नोंद, चिठ्ठीवरचा पंचवीस अन् पिस्टनवरचा शंभर तिन्ही आहेत. 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवलीय, आता ग्राहक आयोगात पण टाकतोय, पाच लाखापर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी लागत नाही, म्हणून रक्कम छोटी आहे म्हणून कुणी गप्प बसू नका.

अन् एक विनंती. संभाजीनगर, जालना, बीड, परभणी साइडला कुणी एवढ्यात स्प्लेंडरचा सेकंडहॅन्ड ब्लॉक घेतला असेल तर बघा, डाव्या बाजूला हेडकडून तिसऱ्या फिनचा कोपरा उडालेला असेल तर तो आमचा आहे. तुमच्याकडून परत मागणार नाही, तुम्ही पैसे मोजलेत. फक्त कुठल्या दुकानातून घेतला तेवढं सांगा अन् एक फोटो द्या, तक्रारीला जोडायचाय.