गुडघ्याची झीज: व्यायाम की स्टेरॉइडचे इंजेक्शन?

माझ्या मावशीला गुडघ्याच्या झिजेवर व्यायामोपचार घ्यावेत की सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घ्यावे, असा पेच पडला आहे.

इंजेक्शनाने काही दिवसांतच ठणका उतरतो, परंतु तो आराम बहुधा काही आठवडेच टिकतो. व्यायामाचा गुण यायला दीड-दोन महिने लागतात, मात्र तो टिकतो. अमेरिकेतील 156 रुग्णांच्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षअखेरीस व्यायामोपचार घेतलेल्यांची स्थिती अधिक चांगली आढळली.

धोक्याच्या बाबतीत फरक मोठा आहे. इंजेक्शनानंतर मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, आणि 2017 च्या एका अभ्यासात दर तीन महिन्यांनी दोन वर्षे इंजेक्शन घेतलेल्यांची कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारे गुळगुळीत आवरण), नुसत्या सलाइनचे इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा अधिक झिजली, तरी दुखण्यात मात्र फरक पडला नाही.

कष्ट अर्थातच व्यायामात अधिक. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, मांडी आवळून गुडघ्याने ती गुंडाळी पाच सेकंद खाली दाबून धरावी; हे रोज, न कंटाळता करावे लागते. एकदा पद्धत नीट शिकली की खर्च जवळजवळ उरत नाही.

ज्यांना चालता येते, त्यांनी व्यायामच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सुजेमुळे पाय हलवणेही अशक्य असेल, तर व्यायाम सुरू करता यावा एवढ्यापुरते इंजेक्शन योग्य ठरते. सकाळी तासभर बोटांचे सांधे आखडत असतील, तर ती झीज नसून आमवात (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटण्याचा आजार) असू शकतो. त्यासाठी संधिवाततज्ज्ञांकडे विनाविलंब जावे, कारण तेथे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी मेथोट्रेक्सेटसारखी औषधे लागतात.