हॉकीवाल्या सरांचा पहाटेचा वर्ग : एका वर्षाचा अनुभव

नागपुरात क्रिकेटच्या शिकवण्या शोधाव्या लागत नाहीत. धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत त्यांचे फलक विजेच्या खांबांवर लटकलेले असतात. हॉकीचा वर्ग मात्र विचारत विचारत गाठावा लागतो. अकरावीतल्या आमच्या मुलीच्या मनात पुढे महाविद्यालयाच्या संघात खेळायचे आहे, म्हणून गेल्या जूनमध्ये आम्ही तिचे नाव एका निवृत्त महाविद्यालयीन प्रशिक्षकांच्या वर्गात घातले. सरांना जाहिरात आवडत नाही आणि नाव छापू नये असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे, तेव्हा इथे ते 'सर' एवढेच राहतील. मैदानावर 'हॉकीवाले सर' म्हटले की कोणीही बोट दाखवतो.

आधी व्यवहाराचे. वर्ग आठवड्यातून पाच दिवस, पहाटे साडेपाच ते साडेसात असतो. एप्रिल-मे महिन्यांत तो पाचलाच सुरू होतो, कारण आपल्याकडच्या उन्हात त्यानंतर मुलांना पळवणे योग्य नाही. फी महिना बाराशे रुपये असून ती तिमाही आगाऊ द्यावी लागते. स्टिक, शिन-गार्ड आणि माउथगार्ड आपले, चेंडू आणि गोलकीपरचे साहित्य वर्गाचे. आम्ही उत्साहाच्या भरात बर्डीवरून एक महागडी कम्पोझिट स्टिक आणली होती, ती सरांनी पहिल्याच दिवशी परत करायला लावली. नियमांप्रमाणे स्टिकला २५ मिलिमीटरपर्यंत बाक चालतो; पण तेवढा बाक ड्रॅग-फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत नेऊन उचलून फेकण्याचा फटका, मारणाऱ्यांच्या उपयोगाचा असतो आणि नवशिक्या हातांनी सरळ हिट मारली की चेंडू उडतो, हे आम्हाला दुकानात कोणी सांगितले नव्हते.

या वर्गाची खरी किंमत सरांच्या महाविद्यालयातल्या तीन दशकांत आहे. त्यांच्या पदाचे नाव शारीरिक शिक्षण संचालक असे होते, पण त्या भारदस्त नावाखाली हॉकी, कबड्डी, खो-खो, धावण्याच्या शर्यती आणि २६ जानेवारीच्या संचलनाची तालीम, हे सारे एकाच माणसाच्या गळ्यात असे. त्यातून त्यांनी आंतरमहाविद्यालयीन करंडक अनेकदा आणले, त्यांच्या मुली विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागाच्या स्पर्धा खेळल्या आणि काहींना खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत व पोलिसांत नोकऱ्या लागल्या. यातल्या बहुतेक मुलींनी प्रवेश घेताना स्टिक हातात धरलेली नव्हती. सर जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेजवळ खुर्ची टाकून बसत आणि कोण कशी चालते, कशी वळते, ते पाहत. एकीच्या हातून फाइल निसटली आणि तिने ती खाली पडण्याआधी पायाने अडवली; तीच पुढे तीन वर्षे गोलकीपर होती, असे ते सांगतात. (ही गोष्ट मी तीनदा ऐकली आहे आणि दर वेळी फाइलऐवजी काही वेगळे पडते, हेही नोंदवायला हवे.)

"कॉलेजचा संघ दर वर्षी निकालाच्या दिवशी फुटतो," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. खेळाडू तयार व्हायला दोन वर्षे लागतात आणि तिसऱ्या वर्षी ती पदवी घेऊन निघून जाते, त्यामुळे संघ टिकवण्याऐवजी पद्धत टिकवावी लागते. ती पद्धत म्हणजे सरांची लाल कापडी बांधणीची वही, किराणा दुकानात उधारीसाठी असते तशी. प्रत्येक मुलीला त्यात एक पान आहे. आमच्या मुलीच्या पानावर ऑगस्टमध्ये 'चेंडू आला की डावा खांदा मागे घेते' असे लिहिले होते, डिसेंबरमध्ये त्यावर रेघ मारलेली दिसली आणि खाली घटक चाचणीची तारीख होती. पालकांना हे पान केव्हाही पाहता येते, ही सोय मला फार मोलाची वाटली.

जिथे महाविद्यालयीन प्रशिक्षक हा पूर्ण वेळचा व्यवसाय आहे, अशा देशाचा दाखला सर वारंवार देतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला हॉकी संघाला कॅरेन शेल्टन यांनी १९८१ पासून २०२२ पर्यंत शिकवले आणि १० राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघात त्या स्वतः खेळल्या होत्या. त्यांच्या जागी आलेली एरिन मॅटसन २०२२ च्या विजेत्या संघात खेळाडू होती आणि २०२३ मध्ये तिने प्रशिक्षक म्हणून तेच विजेतेपद पुन्हा जिंकले. सरांना त्या दहा विजेतेपदांपेक्षा या अकराव्याचे कौतुक अधिक आहे, आणि त्यांचा वर्ग पाहिल्यावर त्याचे कारण कळते, कारण इथले दोन्ही सहायक त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी आहेत.

त्यातली एक ताई नोकरी सांभाळून शनिवारी पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीबद्दल गोलाजवळून मिळणारी संधी) शिकवते, आणि माझ्या मते वर्षभरातला सर्वांत चांगला भाग तोच होता. गोलखांबापासून १० मीटरवरून चेंडू पुश करायचा, तो सर्कलच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर थांबवायचा आणि मगच फटका मारायचा. तिकडे बचावाला गोलकीपरसह पाचच जणी. पहिला फटका हिट असेल तर चेंडू ४६० मिलिमीटरच्या फळीपेक्षा उंच गोलात जाऊन चालत नाही, फ्लिकला मात्र ती मर्यादा नाही. एवढ्या एका कलमातून ड्रॅग-फ्लिकचे महत्त्व कसे वाढले, हे तिने फळीवर खडूने रेघ ओढून दाखवले. सर गवतावर खेळून मोठे झालेल्या पिढीचे आहेत आणि १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी कृत्रिम टर्फवर गेली व भारत सातवा आला, त्याचा सल त्यांच्या बोलण्यात अजून आहे. ते अजूनही खेळाडूंच्या जागांना जुन्या नावांनी 'राइट-इन', 'लेफ्ट-आउट' म्हणतात, मुली एकमेकींकडे पाहतात आणि ताई आजच्या भाषेत समजावते. पेनल्टी कॉर्नर ती सरांपेक्षा चांगला शिकवते, असे मी लिहिले तर सरांना राग येणार नाही अशी खात्री आहे.

उणिवाही आहेत. सराव मुख्यतः मातीच्या मैदानावर होतो आणि टर्फ महिन्यातून दोनदाच मिळते. मातीवर चेंडू उसळतो म्हणून मुली स्टिक उचलून धरायला शिकतात आणि टर्फवर चेंडू खालून निघून जातो. गोलकीपरचे पॅड एकच जोडी आहेत आणि पावसाळ्यात ते वाळत नाहीत. मुलींना कपडे बदलायला जागा नाही. हे दोनदा सांगितले, दोनदा मान हलली. वर्ग रद्द झाल्याचा व्हॉट्सॲप संदेश पाच वाजून दहा मिनिटांनी येतो, तेव्हा आपण स्कूटर बाहेर काढलेली असते. शिवाय ज्यांना फक्त व्यायामासाठी मुलांना पाठवायचे आहे त्यांनी इथे येऊ नये. सलग तीन दिवस गैरहजर राहिल्यास सर घरी फोन करतात आणि तो फोन लवकर संपत नाही.

नवी तुकडी जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. आम्ही पुढच्या तिमाहीची फी भरली आहे. मुलीने टर्फचे बूट मागितले आहेत आणि सरांनी वहीत तिच्या पानावर 'बूट : दिवाळीनंतर' असे लिहून ठेवले आहे.