कोरडी त्वचा: क्रीमवर भागेल की डॉक्टरांकडे जावं?

त्वचा किती कोरडी आहे, यावरून फारसं काही ठरत नाही. साध्या कोरडेपणातही नडगीवरून भुगा गळतो आणि आजाराचा कोरडेपणा कधीकधी अगदी किरकोळ दिसतो. कधीपासून, कुठे आणि सोबत काय, हे आधी पाहावं.

साधा कोरडेपणा थंडी, कोरडी हवा, कढत पाणी, साबणाचा मारा किंवा वाढतं वय यांमुळे येतो. वरच्या थरातली स्निग्ध द्रव्यं घटतात आणि पाणी उडून जातं. नडग्या-हातांवर बारीक कोंडा, थोडी खाज, त्वचा ओढल्यासारखी, एवढंच. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच जाड क्रीम लावलं तर एक-दोन आठवड्यांत फरक कळतो. पातळ लोशन इथे बहुधा कमी पडतं. पेट्रोलियम जेली चिकट खरी, पण कामाची.

एक्झिमात, म्हणजे इसबात, खाज जास्त छळते, झोपही मोडते. मोठ्या मुलांत आणि मोठ्या माणसांत तो बहुधा कोपराच्या आतल्या आणि गुडघ्याच्या मागच्या खळग्यांत दिसतो: लालसर किंवा काळपट, खाजवून जाड झालेले चट्टे. घरात कुणाला दमा वा ॲलर्जी असेल तर संशय बळावतो. क्रीम लागतंच, पण चट्टे भडकल्यावर तेवढ्यावर भागत नाही.

इक्थिओसिस व्हल्गॅरिसमध्ये नेमकं उलट: खळगे बहुधा स्वच्छ आणि नडग्यांवर माशासारखे खवले. तळहातांवरच्या रेषा ठळक दिसतात. साधारण 250 जणांत एकाला असणारा हा आनुवंशिक आजार लहानपणीच दिसू लागतो. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. हा आजार संसर्गजन्य नाही, आणि अस्वच्छतेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. क्रीमनं तो मुळातून जात नाही. युरिया किंवा लॅक्टिक ॲसिड असलेल्या क्रीमनं खवले मऊ पडतात. फुटलेल्या त्वचेवर मात्र ती झोंबतात.

असेच खवले मोठेपणी पहिल्यांदा उमटले, तर क्रीमचे प्रयोग करत बसू नये. थायरॉइडची कमतरता, एखादं औषध, क्वचित लिम्फोमासारखा कर्करोगही मागे असू शकतो. कोरडेपणासोबत थकवा, वाढतं वजन, बद्धकोष्ठता आणि थंडी न सोसणं असेल तर थायरॉइड तपासून घ्यावं. मधुमेहात पायांचा घाम कमी होऊन टाचा फुटतात, आणि संवेदना गेलेली असेल तर जखम झाल्याचं कळतही नाही. तिथे भेगा घरीच कोरू-घासू नयेत.

कोरड्या, फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करावी. तो औषधांनी बरा होतो. कडा उठलेला गोल चट्टा बुरशीचा असू शकतो. त्यावर मनानंच स्टेरॉइडचं मलम लावलं तर खाज तात्पुरती थांबते, बुरशी मात्र पसरत राहते.