इटालियन वाक्यांचं पेड ॲप, सात महिने वापरून: एका "सेक्को"पायी 14 युरो गेले

वर्षाचे 24 युरो कापल्याचा मेसेज काल आला म्हणून लिहायला बसलो. इटलीत पादोव्हात राहतो, ॲपमधला वाइन बारचा भाग जवळपास रोज वापरलाय.

माझी तक्रार एकाच शब्दाची आहे. "गोड नको" यासाठी ॲप शिकवतं "सेक्को". साध्या वाइनला ठीक, पण स्पुमान्तेच्या, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनच्या, लेबलवर सेक्को म्हणजे ड्राय, आणि ड्राय म्हणजे लिटरमागे 17 ते 32 ग्रॅम साखर! एक्स्ट्रा ड्राय 12 ते 17, ब्रूट 12 च्या आत. दुकानात मी छान पाठ केलेलं वाक्य म्हटलं, दुकानदाराने बिचाऱ्याने मागितली तशी वाल्दोब्बियादेने भागातली ड्राय स्पुमान्ते काढून दिली, घरी बायकोने एक घोट घेऊन ग्लास बाजूला सारला आणि 14 युरोची बाटली तशीच पडून राहिली. सरळ "ब्रूट" म्हणा. सपोर्टला तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा उत्तर एकच, भाषांतर बरोबर आहे. अहो बरोबर आहे, पण बाटली चुकीची येते ना!

एक स्टार देऊन ॲप काढूनच टाकणार होतो, पण गेल्या महिन्यात आईबाबा आले होते तेव्हा जेवायला फ्रांचाकोर्ता ही बुडबुड्यांची वाइन मागवली, 38 युरोची, आणि ग्लास नाकाशी नेला तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. ॲपमधलं वाक्य आठवलं, "स्कूझी, सा दी ताप्पो", म्हणजे बुचाचा वास लागलाय. वेटरने स्वतः हुंगून पाहिलं, मान हलवली, दुसरी बाटली उघडून आणली, बिलात एकच. तिथे माझं मत बदललं.

उच्चारांचे ऑडिओ खरंच सुरेख आहेत. ताप्पो, बोल्लिचीने यातली जोडाक्षरं आपल्याला सोपी जातात, पता आणि पत्ता यातला फरक आपल्या कानाला कळतोच. रोजचं वाक्य, "के बोल्लिचीने आवेते आल कालिचे?", ग्लासवर कुठल्या बुडबुड्यांच्या वाइन आहेत. पण समोरून "मेतोदो क्लास्सिको" असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ ॲपमध्ये नाही. म्हणजे बुडबुड्यांसाठी दुसऱ्यांदा आंबवणं बाटलीतच होतं, फ्रांचाकोर्तासारखं, म्हणून महाग. प्रोसेक्को या दुसऱ्या बुडबुड्यांच्या वाइनचं बहुतेक टाकीत होतं. फ्रिद्झान्ते म्हणाल तर बुडबुडे कमी येतील.

तीन स्टार. सेक्कोखाली खुलाशाची एक ओळ टाकली की चौथा देतो.